मानेमागची गुंडी

धडधाकट माणसाला दामूतात्यांच्या दुकानात खाकी चड्डीपलीकडे काही शिवून मिळत नसे. एखादा बागाईतदार भारी कापड काखोटीला मारून यायचा आणि कोट शिवायचा म्हणायचा. तात्या मशीन थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि त्याच्याभोवती एक फेरी मारायचे.

"काय मोडलंय?"

"मोडलंय? काय न्हाय बा."

"हात?"

"हायती की."

"पाय?"

"तेबी हायती."

"मग हितं काय काम? सरळ माणसाचा कोट कोनबी शिवंल. जा, हात मोडून ये, मग बघू."

तो भला माणूस पायरी उतरून थेट माझ्यासमोर यायचा आणि विचारायचा, "ह्यो म्हातारा येडा हाय का वो?" माझं सायकलचं दुकान तात्यांच्या दुकानाला भिंतीला भिंत लावून. पंक्चर काढणं, सायकली भाड्यानं देणं आणि शेजाऱ्याच्या डोक्याविषयी गिऱ्हाइकांची समजूत घालणं, असे माझे बारामतीत तीन धंदे होते. तिसऱ्यातच वेळ जास्त जायचा.

लढाईच्या काळात तात्या पुण्याला लष्कराच्या एका इस्पितळात शिंपी होते. हात गेलेले, पाय गेलेले जवान तिथं येत आणि सगळ्यांना एकाच मापाचे, पोत्यासारखे कपडे मिळत. त्यातला एक पाय गेलेला गडी म्हणे पलंगावरून उतरायलाच तयार होईना. तात्यांनी कारण विचारलं तर म्हणाला, "विजारीला कडक घडी असेल तर उतरेन." तात्यांनी त्याला एका पायाची विजार शिवून दिली, घडी अशी की बोट कापावं. गडी उतरला, कुबड्यांवर अख्ख्या वॉर्डात मिरवून आला. तेव्हापासून तात्यांचं डोकं फिरलं ते फिरलंच. "दया शिवायची असंल तर गोधडी शिवा," ते म्हणत. "कपड्याला फ्याशन पायजे, फ्याशन!"

त्यांची स्वतःची फॅशन मात्र एकच होती. पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्याला गुंडी पुढं नाही, मानेच्या मागं. ती गुंडी कायम उघडी. दोन्ही टोकं पाठीवर लोंबायची. "तात्या, मागची गुंडी राहिली," असं गावातल्या प्रत्येकानं एकदा तरी सांगून झालं होतं. "असू दे. वारं लागतं," एवढंच ते म्हणत. नवा सदरा शिवला तरी गुंडी पुन्हा मागंच. मला वाटायचं, दुसऱ्यांच्या कपड्यांत इतकी अक्कल खर्च होते की स्वतःच्या कपड्यांसाठी उरत नसावी.

नवा कपडा आधी स्वतः वापरून बघायचा, हा त्यांचा नियम. इंदापूरला एक आंधळे पेटीवाले होते. त्यांनी कीर्तनात घालायला सदरा मागितला, आणि रंग सांगितला लाल.

"तुमाला दिसतोय व्हय लाल?" तात्यांनी विचारलं.

"मला न्हाय दिसत," पेटीवाले म्हणाले, "पर लोकान्ला दिसतोय की!"

तात्या इतके खूश झाले की त्यांनी पेटीवाल्यांना माझ्या खर्चानं चहा पाजला. पुढची बाजू बोटांना कळावी म्हणून त्यांनी सदऱ्याच्या गळपट्टीवर रेशमाची उठावदार वेल काढली. मग ती वेल चाचपण्यासाठी डोळ्यांना फडकं बांधून सदरा घातला आणि भर बाजारात फिरायला निघाले. भाजीवाल्या सखूबाईच्या वांग्यांत त्यांचा पाय पडला.

"डोळं फुटलं का रं तुझं?" ती ओरडली.

"फुटलं न्हाय, बांधल्यात," तात्या फडक्याआडून म्हणाले. "सदरा सरळ हाय का उलटा, तेवढं सांग."

सखूबाईनं काय सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. पण पेटीवाल्यांचा सदरा असा गाजला की गावातली तरणी पोरं तसलीच वेल मागायला आली. एक जण तर हात गळ्यात बांधून कण्हत आला. तात्यांनी त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "काल डावा मोडला हुता, आज उजवा. उद्या मान मोडून ये, म्हंजे टोपीबी शिवतो."

माझ्या दुकानातला माल तर त्यांना आपलाच वाटायचा. व्हॉल्व्हची रबरी नळी म्हणजे त्यांचं इलॅस्टिक. स्प्रिंगा, क्लिपा, आकडे, काहीही दिसलं की खिशात. एकदा गिऱ्हाईक सायकल घेऊन निघालं आणि कॅरियरची स्प्रिंगच नाही. ती भिंतीपलीकडे एका लुळ्या हाताच्या मास्तरणीच्या झंपराला लागली होती. आणि खोटं कशाला बोला, ती तिथं जास्त शोभत होती.

अशात एका सकाळी सणसरच्या गंगूबाई आपल्या मुलाला घेऊन तात्यांकडे आल्या. मारुती त्याचं नाव. गुऱ्हाळावर चरकात ऊस घालताना त्याचा उजवा हात कोपरापर्यंत गेला होता. लग्न आधीच ठरलेलं, पळसदेवची कौसा. अपघातानंतर तिच्या घरचे कचरले, पण पोरगी म्हणाली, करीन तर ह्याच्याशीच. आता अडून बसला होता तो नवरदेवच.

"का रं?" तात्यांनी विचारलं.

मारुतीनं आईकडं पाठ केली. मग म्हणाला, "धोतर आय नेसवती, तात्या. ती नेसवती तवा मी भिंतीकडं बघतो. उद्या बायकू नेसवणार. कुठवर भिंतीकडं बघू?"

गंगूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो आणि माझ्या हातातला पाना तसाच राहिला.

"तुझं तुला नेसता आलं तर?" तात्या म्हणाले.

"तर लगीन करीन. न्हायतर त्या पोरीला सुटी करतो. तिनं दुसरा बघावा."

त्या दिवसापासून तात्यांनी खाकी चड्ड्याही बंद केल्या. मापाच्या टेपनं स्वतःचा उजवा हात पाठीशी बांधून घेतला आणि एका हातानं धोतर नेसायला लागले. निऱ्या शिवून टाकल्या, कासोटा शिवून टाकला, कमरेला पट्टा आणि आकडा लावला. आकडा अर्थातच माझा. पहिलं धोतर दुकानात सुटलं. दुसरं पायरीवर सुटलं. तिसरं घेऊन ते गणपतीच्या देवळाकडे निघाले आणि बऱ्याच वेळानं मागच्या बोळातून, सायकलीवर टाकायचं माझं किलतान कमरेला गुंडाळून परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"आकडा हलका पडला," ते म्हणाले. "आन् सखूबाई समोर हुती. लई हसली. चांगलं हसती रं बाई."

शेवटी आकडा जमला. मारुतीला बोलावणं गेलं. तो धोतर घेऊन पडद्यामागं गेला. आत खुडबुड, मग शांतता, मग पुन्हा खुडबुड. गंगूबाई सवयीनं उठल्या.

"बसा!" तात्या गरजले. "हात लावायचा न्हाय कुनी."

पडदा सरकला. मारुती बाहेर आला तो पांढऱ्याशुभ्र धोतरात, निऱ्या जागच्या जागी. त्यानं आईकडं बघितलं, आणि मग आरशाकडं. आरशात बघून तो हळूच खाली वाकला आणि उगीचच एक निरी सरळ केली. माणूस आपल्याच रुबाबावर खूश झाला की करतो तसं.

"तारीख धर आये," तो म्हणाला.

लग्नाचा सदरा, कोट आणि फेटा मुहूर्ताच्या दिवशीच मिळेल, असं तात्यांनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा दुकान बंद करून ते गाठोडं घेऊन निघाले आणि मलाही ओढलं. भिगवणला गाडी बदलून आम्ही पळसदेवला उतरलो. मांडव भीमेच्या काठाशी, देवळाजवळ होता. ते देऊळ आता धरणाच्या पाण्यात गेलं आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की डोकं वर काढतं. तेव्हा त्याच्या पायऱ्यांच्या कठड्यावरून वऱ्हाडाची पोरं घसरगुंडी खेळत होती.

मारुती एका खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा बायका बघतच राहिल्या. फेटा बांधूनच शिवलेला, नुसता डोक्यावर ठेवायचा, पण तुरा असा की पाटलानं मान वळवावी. कोटाची उजवी बाही रिकामी लोंबत नव्हती, की खिशात कोंबलेली नव्हती. ती कोपराशीच संपत होती आणि तिथं सोनेरी गोटाची किनार होती. जणू कोट असाच असतो, बाकीच्यांचा उगीच लांब झालाय.

पण डाव्या मनगटाशी सदऱ्याची बाही उघडी फडफडत होती.

"तात्या, ही गुंडी कशी लावू?" मारुतीनं विचारलं.

ज्याला एकच हात, त्याला त्याच हाताची गुंडी कशी लावता येणार? आणि तात्यांना हे माहीत नव्हतं थोडंच! त्या मनगटापायी त्यांनी माझी हातभर रबरी नळी नेली होती. ती कुठं गेली?

तात्या नदीकडं बघत म्हणाले, "ऱ्हायली खरी."

मारुतीचा चेहरा उतरला. त्याचा दोस्त गुंडी लावायला पुढं झाला, तसा त्यानं हात मागं घेतला. "न्हाय! कुनी हात लावायचा न्हाय. समदं काढूनच टाकतो." तो पुन्हा खोलीकडं वळला. मी तात्यांना इतकं वाईट बोललो की आजही आठवलं की बरं वाटतं. तेवढ्यात भटजींनी हाक दिली, मुहूर्ताची घाई झाली, चार जणांनी नवरदेवाला जवळजवळ ढकलतच बोहल्यावर नेला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मारुतीचं लक्ष सगळा वेळ त्या मनगटावर. कौसाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, झालं, ह्या माणसाचं तोंड आता जन्मभर भिंतीकडं.

मग सुपारी सोडवायचा खेळ आला. नवरीनं सुपारी मुठीत धरायची आणि नवरदेवानं ती सोडवायची. कौसानं मूठ आवळली. बायका कडं करून बसल्या, आणि एक आजी रीतीप्रमाणं ओरडली, "नवरीनं दोन्ही हात लावावं, नवरदेवानं मातर येकच हात लावायचा!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

मारुतीनं मान वर केली. "मग मी तयारच हाय की," तो म्हणाला.

आधी कौसा हसली. मग अख्खा मांडव हसला. मारुतीनं हात पुढं केला आणि तिची बोटं उलगडायला लागला, पण ती उघडी बाही मधे मधे यायची, सारखी तिच्या मुठीवर पडायची.

"अवो, थांबा," कौसा म्हणाली. तिनं सुपारी ओटीत टाकली, त्याचं मनगट आपल्या मांडीवर घेतलं, आणि दोन्ही हातांनी गुंडी काजात सरकवली. सावकाश, सगळ्यांदेखत. मारुतीनं हात मागं घेतला नाही. तो भिंतीकडंही बघत नव्हता, तिच्या वाकलेल्या डोक्याकडं बघत होता. मग तिनं सुपारी उचलली, मूठ आवळली आणि म्हणाली, "हं. आता सोडवा."

मी तात्यांना शोधलं. ते मांडवाच्या खांबाला टेकून चष्मा पुसत होते.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. मी विचारलं, "तात्या, विसरलात की मुद्दाम?"

त्यांनी खिशातून माझी रबरी नळी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"आप्पा, मानसाला समदं आपलं आपल्याला आलं पायजे. पर एक गुंडी ऱ्हावू द्यावी. धोतर नेसवणं येगळं, गुंडी लावणं येगळं." त्यांनी मानेमागं हात नेऊन सदऱ्याची उघडी टोकं चाचपली. "माझी रखमा लई भांडायची माझ्याशी. आट आट दिस बोलायची न्हाय. पर सकाळी मागनं येऊन माझी गुंडी तेवढी लावायची. बोलायची न्हाय, पर लावायची. मी तिच्यासाठीच मागं शिवायला लागलो हुतो. म्हंजे तिला यावंच लागायचं."

रखमाकाकू गेल्या तेव्हा मी नुकता शेजारी आलो होतो. मला त्यांचा फक्त आवाज आठवतो. इतकी वर्षं गाव ह्या माणसाला गुंडी राहिली, गुंडी राहिली म्हणून सांगत होतं, आणि लावली कुणीच नव्हती. मीही नाही.

मी दगडावरून उठलो. त्यांच्या मागं गेलो आणि गुंडी लावली. ते अगदी ताठ, न हलता बसून राहिले. माझ्या बोटांना लग्नातली हळद होती, तिचा पिवळा डाग सदऱ्याच्या पट्टीवर उमटला. गाडी आली आणि आम्ही चढलो. बारामती येईपर्यंत त्यांनी माझ्या रबरी नळ्यांच्या दर्जाबद्दल तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका सायकलीची साखळी काढत बसलो होतो. तात्या आले, माझ्या पायरीवर माझ्याकडं पाठ करून उभे राहिले आणि रस्त्यावरची रहदारी बघायला लागले. रस्त्यावर एक गाढव होतं, तेही झोपलेलं. मानेमागची गुंडी उघडी होती.

मी उठलो.

"हात पूस आदी," ते मागं न बघता म्हणाले. "ग्रीस लावशील."