लोखंडी पुलावर ठिणग्याचा पाडाव जाहला त्याची हकीकत

शंभूचरणी मस्तक ठेवून मजकूर सांगावयास घेतो, ऐकणारांनी पाणी पिऊन स्वस्थ बसावे. शके एकोणीसशे अठरा, धातानाम संवत्सर, ज्येष्ठ वद्य पक्ष. दिल्लीच्या तख्ताने बाजाराच्या वेशी उघडून पाच वर्षे लोटली होती आणि परमुलखीचा जिन्नस बीड शहराच्या दुकानांतून बेलाशक विकू लागला होता. ते समयी केज तालुक्यात, मौजे युसूफ वडगाव येथे, किराणा दुकानाचे धनी राजश्री रेवणप्पा यांचे माजघरात, चौदा इंची काळ्यापांढऱ्या टीव्हीच्या पडद्यावर जे घनघोर युद्ध माजले, त्याची ही बखर.

युद्धाचे मूळ ऐसे की, रेवणप्पांची कन्या शिवानी ही पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी.स पहिल्या वर्गात उतरली, म्हणोन तिचे मामा राजेश्वर, बीडच्या कोर्टात कारकून, यांनी व्हिडिओ गेम आणि तीन कॅसेटी नजर केल्या. नजराणा कन्येचा, परंतु रिमोट पहिल्याच दिवशी रेवणप्पांचे कबजात गेला. आणि मग गल्ल्यावरचे बैठे धनी जे माजघरात उतरले, ते दुकानाचा मुलूख बेवारस टाकून तेथेच छावणी करून राहिले.

खेळात एक ठेंगणा टोपीवाला वीर होता. तो उड्या मारीत, शत्रूंची डोकी तुडवीत पुढे जाई. बाकी शत्रू गरीब. एका टाचेत गतप्राण होत. परंतु त्यांत एक विजेचा गोळा होता, त्यास घरात ठिणग्या म्हणत. पहिल्या कॅसेटीत तो खांबावर बसे, तेथे मारला. दुसरीत पाण्यातून वर आला, तेथेही मारला. मग तिसरी लावली तो लोखंडी पुलाच्या टोकास हाच ठिणग्या डोळे वटारून हजर, आणि अंगातील वीज सोडताच अवघा पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटे, आणि टोपीवाला जेथे असेल तेथे खाक होई.

पुलाच्या मध्यावर एक लाकडी पेटी होती. तिच्या अंगावर आडवे पांढरे पट्टे होते, तीन. घर पडले वीरशैव. रेवणप्पांनी पट्टे पाहताच रिमोट खाली ठेवून हात जोडले आणि फर्मान काढले की, भस्माचे निशाण ज्या जिनसेवर आहे, तीस या घरातील कोणाही इसमाने पाय लावू नये. तेव्हापासून टोपीवाला पुलावर येई, पेटीस अदबीने ओलांडून पलीकडच्या लोखंडावर उतरे, आणि नेमका तेथेच जळे. शेजारचे धर्मराज शिंपी दोन डाव खेळावयास आले, त्यांनीही फर्मान पाळले आणि तेही जळाले.

धर्मराज म्हणाले, "काय बे रेवणप्पा, दुकानात गिऱ्हाईक हुभं हाय, आन तू हितं गोळ्याचा मार खायलास."

"गिऱ्हाईक येतंय जातंय. ह्यो जात न्हाई."

अशात औरंगाबादेहून एम. एस्सी.च्या प्रवेशाचा अर्ज आला. शिवानीने तो भरला. राहिली फक्त पालकाची सही. रेवणप्पांस होय म्हणवेना, कारण लेक चार कोसांपलीकडे कधी एकटी राहिली नव्हती. आणि नाही म्हणवेना, कारण पहिल्या वर्गाचे पेढे त्यांनीच गावभर वाटले होते. तेव्हा पडद्यावरून नजर न काढता त्यांनी दुसरे फर्मान काढले: "आदी ह्यो ठिणग्या मरू दे. मग बघू सहीचं."

शिवानीने वही आणिली आणि मनगटावरचे घड्याळ लावून शत्रूची मोजदाद आरंभिली. ठिणग्या दर पाच सेकंदांस वीज सोडतो. पूल ओलांडावयास नऊ सेकंद लागतात. सबब पळून जाणे अशक्य. वहीत आणखी एक नोंद जाहली, ती तिने कोणास दाखविली नाही: अप्पा पुलापर्यंत वाघासारखे खेळतात, आणि अर्ज घरात आल्या दिवसापासून पुलावर पाय ठेवताच त्यांचा अंगठा सैल पडतो.

मग मुदतीचा आदला दिवस उगवला. राजेश्वरमामांनी निरोप धाडला की, अर्ज आज साडेपाचच्या एसटीने बीडास पोहोचल्यास उद्या आपण जातीने औरंगाबादेत दाखल करू; एसटी चुकल्यास इलाज नाही. आणि दुपारी दोनला लाईट गेली. चारला यावयाची, ती सव्वाचारला आली. खेळात मधून सुरुवात करण्याची सोय नव्हती. पहिल्या पायरीपासून पुलापर्यंत चाळीस मिनिटांची मजल. म्हणजे हल्ला एकच.

"अप्पा, आज रिमोट मला द्या," शिवानी म्हणाली.

"तुला न्हाई जमायचं, बाळा."

"आवो, द्या तिच्याकडं," मातोश्री शांतादेवी म्हणाल्या. "तिच्या मामानं तिला दिलाय. तुमी कवाधरनं धरून बसलाव."

रिमोट हातचा गेला, आणि धर्मराजही लढाई पाहावयास येऊन बसले. शिवानीने एक जीव खाईत गमाविला, दुसरा उडत्या कासवाने नेला, आणि पाचला पाच मिनिटे असता शेवटच्या जिवावर टोपीवाला पुलाच्या तोंडाशी उभा ठाकला. येथवर ठिणग्याचा मारा पोहोचत नसे. तेथे तिने त्यास थांबविले, कारण पुढे काय करावे हे तिलाही ठाऊक नव्हते.

उकाडा फार, म्हणोन शांतादेवी पंखा लावावयास उठल्या. त्या घराचा स्विचबोर्ड जुना. ओल धरून शॉक देई. सबब बोर्डाखाली एक लाकडी पाट कायमचा ठेविलेला असे, आणि त्यावर उभे राहिल्याविना कोणी बटणास हात लावीत नसे. शांतादेवी रीतीप्रमाणे पाटावर चढल्या, आणि बटण दाबिले.

शिवानी आईच्या पायांकडे पाहातच राहिली. कोरड्या लाकडातून वीज वाहात नाही, हे तिने परीक्षेत दीड पान लिहून पूर्ण गुण मिळविले होते.

"अप्पा, पेटीवर उभं राहते."

"भस्म हाय त्येच्यावर."

"किती पट्टे हायत?"

"तीन. रोज बघतोय की."

शिवानी उठली, टीव्हीचा ब्राइटनेस हलके हलके कमी केला, आणि पडद्याशी नाक नेऊन बोट ठेवून मोजिले. एक, दोन, तीन, आणि अगदी खाली, पुलाच्या उजेडात इतके दिवस बुडालेला, चौथा. शांतादेवींनी मोजिले, चार. धर्मराजांनी मोजिले, चार. शेवटी रेवणप्पांनी चष्मा पुसून मोजिले, तेही चारच. भस्माचे पट्टे तीन असतात. चार पट्टे म्हणजे फळ्या ठोकलेल्या.

"इतके दिस फळ्यांना हात जोडलेस व्हय बे," धर्मराज म्हणाले.

रेवणप्पांनी घड्याळाकडे पाहिले, मग कन्येकडे पाहिले, आणि पहिले फर्मान मागे घेतले. "ऱ्हा हुबी."

टोपीवाला धावला आणि पेटीवर चढला. ठिणग्याने वीज सोडिली, पूल पेटला, पेटी कोरडी राहिली. पुन्हा सोडिली. तिसऱ्या खेपेस त्याचे तेज सरले, गोळा काळा पडला, आणि टोपीवाल्याने पेटीवरून झेप घेऊन त्याचे टाळके असे तुडविले की, धर्मराजांची टोपी आपोआप डोक्यावरून उतरली. पाच वाजून दोन मिनिटे.

मग रेवणप्पांनी पेन मागविले. पालकाच्या रकान्यात सही केली, परंतु अक्षर हालले.

"आवो, हात कावून कापायलाय?" शांतादेवींनी विचारिले.

"रिमोट दाबून दाबून अंगठ्याला फोड आलाय," असे म्हणोन अर्ज स्वतःच खिशात घालून रेवणप्पा एसटीकडे चालते जाहले. वाटेत दुकानात गिऱ्हाईक उभे होते, त्याकडे पाहिलेही नाही.

पेन देताना शिवानीने तो अंगठा पाहिला होता. अंगठा साफ होता. तिने वही उघडिली, आणि जी कन्या सेकंदाचीही चूक सोसत नसे, तिने शेवटच्या पानावर लिहिले ते येथे जसेच्या तसे उतरविले आहे:

ठिणग्या तिसऱ्या खेपेस फौत. पट्टे चार. अर्ज मुदतीत रवाना. अप्पांचे अंगठ्यास फोड.

ऐसी फत्ते जाहली. बखर पुरी.