एकही पायरी

"'अर्जदार एकही पायरी चढू शकत नाही,'" खिडकीतल्या बाईंनी ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं आणि वर पाहिलं. "असं आहे का?"

"अगदी अक्षरशः," अर्जवाले म्हणाले.

कचेऱ्यांच्या दारात टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. मवाळ अर्ज कुणी वाचत नाही, असं त्यांचं ठाम मत. गिऱ्हाइकाच्या नळाला पाणी जरा कमी येत असलं, तरी त्यांच्या अर्जात अख्खं कुटुंब तहानेनं व्याकूळ व्हायचं. आता तर अर्ज पोटच्या पोरीचा होता. हात आखडता घेण्याचा प्रश्नच नव्हता.

पोरगी शेजारीच कुबड्यांवर उभी होती आणि हे वाक्य पहिल्यांदाच ऐकत होती. तिच्या कॉलेजात वर्ग चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. ती चढायची; पण पहिला तास गाठायचा तर अर्धा तास आधी जिन्याला लागायची आणि दुपारपर्यंत तिचे खांदे भरून यायचे. दुसऱ्या कॉलेजात सगळे वर्ग तळमजल्यावर होते. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बदलीसाठी तिथे एकच जागा होती. आज पाचपर्यंत विद्यापीठात पडताळणी झाली नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होती. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"कागद बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. "आता दुसऱ्या मजल्यावर जा. विद्यार्थ्यानं साहेबांसमक्ष सही करायची, मग साहेब करतात. लिफ्ट बंद आहे, जिन्यानं जा."

"जाते," म्हणत पोरीनं कुबडी उचललीसुद्धा.

अर्जवाल्यांनी तिचा दंड धरला आणि तिच्या कानाशी लागले. "अगं, कुठं निघालीस? तू चढलीस की अर्ज खोटा!"

"मग असं लिहिलंत कशाला, बाबा?"

"जोर नको यायला?"

ते पुन्हा खिडकीशी वळले. "बाई, एवढी एक ओळ खोडून देतो."

"खोडाखोड चालत नाही. नवा अर्ज करा, आणि त्यावर तुमच्या प्राचार्यांची शिफारस परत आणा."

प्राचार्य दीड तासाच्या अंतरावर.

"मग साहेबांना खाली बोलवा ना."

"साहेबांचे गुडघे गेलेत, काका. लिफ्ट बंद पडल्यापासून सकाळी एकदा चढतात ते कचेरी सुटल्यावरच उतरतात. डबासुद्धा वरच खातात."

एका शिपायाला दया आली. "खुर्चीत बसवून उचलून नेऊ," म्हणत तो जोडीदारासकट खुर्ची घेऊन आला.

"मी कपाट आहे का?" पोरगी म्हणाली.

तिच्या नकाराची गरजच पडली नाही. उचलून बघताना खुर्चीचा डावा हात सुटून शिपायाच्या हातात आला.

मग अर्जवाले एकटेच वर धावले. साहेबांनी फाइलमधून मान न काढता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समक्ष म्हणजे समक्ष." अर्जवाले तसेच धापा टाकत उलटे फिरले, तर पहिल्या मजल्याच्या वळणावर पोरगी समोरून चढत येत होती.

"परत फिर! कुणी बघेल!"

"बाबा, बाजूला व्हा. मध्ये थांबले की खांदा आखडतो."

ती चढत राहिली. अर्जवाले मागून दोन्ही हात पसरून चालले. तिला सावरावं की लपवावं, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. ती साहेबांच्या दारात पोचली, तेव्हा पाचला पंधरा मिनिटं कमी होती.

साहेबांनी अर्ज वाचला. पोरीकडे पाहिलं. दारातून दिसणाऱ्या जिन्याकडे पाहिलं.

"एकही पायरी?"

अर्जवाल्यांनी घसा खाकरला, पण पोरगी आधी बोलली. "ते वाक्य खोटं आहे, सर. मी रोज चार मजले चढते. दुखतं, ते मात्र खरं आहे."

"चूक माझी आहे, साहेब," अर्जवाले म्हणाले. "तिला माहीत नव्हतं." तीस वर्षांत इतकं साधं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. त्यांना फार लाज वाटली.

साहेबांनी कागद उलटा केला. "इथे 'पडताळणीचे ठिकाण' असा रकाना आहे. काय लिहू? दुसरा मजला? उद्या तपासणीला कुणी विचारलं, ही वर आली कशी, तर?" त्यांनी पेनाचं टोपण लावून टाकलं. "या खोलीत ही सही होणार नाही."

अर्जवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

टेबलामागे खुर्ची कुरकुरली. साहेब टेबलाला धरून उठत होते. "चला, खाली. दहाच मिनिटं आहेत."

जिन्याच्या तोंडाशीच ते अडखळले.

"सर, उतरताना दुखरा पाय आधी टाका," पोरगी म्हणाली.

"दोन्ही दुखतात गं."

"मग जास्त बोंबलतो तो आधी. आणि कठडा सोडू नका."

वळणावर साहेब थांबले. कपाळावर घाम आला होता. "रोज चार मजले?"

"कधी दोनदा. लायब्ररी खाली आहे."

साहेब कठडा घट्ट धरून पुढची पायरी उतरले. पाचला दोन मिनिटं कमी असताना ते खिडकीजवळच्या बाकावर टेकले. पोरीनं सही केली. साहेबांनी रकान्यात सुबक अक्षरात 'तळमजला' लिहिलं, तारीख घातली आणि मग कागद डोळ्यांपासून लांब धरला.

"सही करण्याआधी अर्ज पुन्हा वाचायला हवा खरं तर. पण चष्मा वर राहिला. एक अक्षर दिसत नाही. पोरी, सही कुठं करायची, तेवढं बोट ठेव."

अर्जवाले मदतीला पुढे सरसावले. चष्मा साहेबांच्याच खिशातून चांगला बाहेर डोकावत होता. "साहेब, चष्मा तर—"

कुबडीचं टोक त्यांच्या पावलावर टेकलं, चांगला भार देऊन.

"चष्मा तर काय?" साहेबांनी विचारलं.

"वरच राहिला, साहेब," अर्जवाले म्हणाले.