टॉफी पास होता कामा नये

विल्फ्रेड थॅक्रेची लॅब्रॅडोर कुत्री टॉफी शिकारी कुत्र्यांच्या वर्गात सलग तिसऱ्या वर्षी परीक्षेला बसली होती, आणि तिने यंदाही नापास व्हावं म्हणून विल्फ्रेड देवाला साकडं घालत होता. पास झालेल्याचं नाव वर्गातून कमी होई. मग दर गुरुवारी वर्ग घेणाऱ्या हिल्डा मेटकाफबाई दिसणार कुठे? बायको गेल्यापासून या माणसाच्या आठवड्यात तेवढा एकच वार उरला होता. शुक्रवार उजाडला की तो पुढच्या गुरुवारची वाट पाहायला लागे.

परीक्षेचे नियम कडक. प्रत्येकाने शिकारीतला एक फेझंट पक्षी आणायचा. तो फ्रीझरमधून आदल्या दिवशीच काढलेला हवा, फाटलेला नको. कुत्र्याने तो अलगद तोंडात धरून आणला की बाई त्याच्या बरगड्या चाचपत. एक जरी मोडलेली लागली तरी कुत्रा नापास. बाई सख्ख्या बापालाही सोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

यंदा टॉफी फारच हळुवार झाली होती. विल्फ्रेडने सकाळी परसात बसून आपल्या पक्ष्याच्या चार बरगड्या अंगठ्याने स्वतःच मोडल्या.

पण मैदानावर बाईंनी सगळे पक्षी एका ओळीत मांडले आणि हाताला येईल तो फेकायला सुरुवात केली. त्याचा पक्षी नेमका ऐंशी वर्षांच्या मिसेस ऑल्डरसनच्या कुत्र्याने, बर्टीने, उचलला.

"चार मोडल्यात. नापास," बाई म्हणाल्या.

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, माझा बर्टी अंडंसुद्धा फोडत नाही गं."

तोवर टॉफी दुसराच पक्षी घेऊन ऐटीत आली. त्याच्या बरगड्या शाबूत होत्या.

विल्फ्रेडला राहवेना. "बाई, बर्टीचा काही दोष नाही. तो पक्षी माझा. त्याच्या बरगड्या मीच मोडल्यात."

"का?"

"टॉफी पास झाली, तर पुढच्या गुरुवारी मी जाऊ कुठे?"

कुणी हसलं नाही. मिसेस ऑल्डरसन तेवढी पुटपुटली, "मेल्या, तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

हिल्डाबाईंनी बर्टीला पास केलं, टॉफीलाही केलं. मग वही मिटून त्या विल्फ्रेडजवळ आल्या आणि त्याच्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "मिस्टर थॅक्रे, गेल्या दोन्ही वर्षी टॉफीने आणलेल्या पक्ष्याची एकही बरगडी मोडलेली नव्हती."