गिटारची पाठ बंद करताना

आप्पांचा आवाज गिटारच्या पोटात अडकला, आणि त्याला जबाबदार खुद्द आप्पाच होते.

गिटारची पाठ सरसानं चिकटवताना खोलीत जो आवाज असेल तो आत राहतो, हे इचलकरंजीत पोरासोरांनाही ठाऊक आहे. म्हणूनच अभिनंदननं आठ महिने खपून घडवलेल्या पहिल्या गिटारची पाठ लावायला शुक्रवार धरला होता. शुक्रवारी वीज बंद, म्हणजे माग बंद, म्हणजे गल्ली मुकी. दाराला आतून कडी, बाहेर पाटी: ‘पाठ लावणे चालू आहे. बोलू नये.’

म्हाताऱ्यांना पाटी वाचता येते. ती आपल्यासाठीही असते, एवढं मात्र पटत नाही. अभिनंदनच्या वडिलांनी, आप्पांनी, चाळीस वर्षं मागांवर जॉबर म्हणून, बिघडलेले माग लावून देण्यात काढलेली. खडखडाटावर ओरडायची सवय, त्यामुळे ‘चहा दे’सुद्धा भांडल्यासारखं. सरस लागला, पाठ टेकली, शेवटचा क्लॅम्प आवळायचा, तेवढ्यात खिडकीतनं गर्जना आली, “आयटीआय सोडून हे खोकं करत बसलास होय रे?”

क्लॅम्प आवळला गेला. पुढचं वाक्य बोलायला आप्पांनी तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. घसा रिकामा आहे म्हणाले.

गुरुवारी तारा चढल्या. अभिनंदननं पहिली तार छेडली. “आमटीत मीठ कमी आहे,” गिटार म्हणाली. जेवायला बसलेल्या आप्पांनी मान डोलावली. आप्पा मनात बोलतात आणि तार छेडली की ते ऐकू येतं, असं ठरलं.

“मग छेडू नकोस,” आई म्हणाली. “तीस वर्षांत पहिल्यांदा मला कुकरची शिट्टी ऐकू आली.”

पण रविवारी गडहिंग्लजच्या डोरकस मॅडम चर्चसाठी गिटार न्यायला येणार होत्या. अभिनंदनला मिळालेलं हे एकच काम. ते हुकलं तर बापाचं म्हणणं खरं ठरणार. गिटार गेली तर बापाचा आवाज जाणार. आणि आवाज सोडवायला पाठ उघडायची तर गरम सुरी घालावी लागते, पातळ शिसवी लाकूड त्यातनं धड निघत नाही.

रविवारी सकाळी त्यानं सुरी तापवली.

“तुमच्यासाठी मोडतोय. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, सांगा की!” त्यानं रागानं तार ओढली.

“सुरी ठेव,” आप्पा म्हणाले. हळू. आत ओरडायला जागा नव्हती.

“का?” परत तार.

“काठ कसा वळलाय बघ की. रोज खिडकीतनं बघत होतो. असलं काम मोडतात होय?”

“मग आठ महिन्यांत हे एकदा बोलायला काय झालं होतं?”

त्यानं तार छेडली. नुसता सूर आला. पुन्हा छेडली. सूरच. त्यानं सुरी खाली ठेवली.

डोरकस मॅडम अकराच्या गाडीनं आल्या. त्यांनी गिटार मांडीवर घेऊन वाजवली.

“बसा बाई, उन्हातनं आलाय,” गिटार म्हणाली.

“आवाज कुणाचा?”

“वडिलांचा.”

“जरा वयस्कर आहे. पण चालेल. आमच्याकडे खालच्या पट्टीत गाणारं कुणीच नाही.”

अभिनंदननं आप्पांकडे बघितलं. आप्पांनी स्वतः उठून गिटार पिशवीत घातली आणि चेन लावली.

आता आप्पांना काही बोलायचं असलं की रविवारी एसटीनं गडहिंग्लजला जावं लागतं. जाऊन-येऊन चार तास.