आळेफाट्यावरून उजवीकडे

"टाळी वाजव की रं! त्या गावाला गाडी थांबत न्हाई."

दत्तूमामांचा आवाज स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आला. पाठोपाठ एक टाळी, मग जिभेने वाजवलेली डबल बेल, "टिंग टिंग", आणि कोणीतरी हरल्याचा हशा. मामी पापड भाजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सुटली यांची एष्टी."

दत्तूमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. मुक्काम खोडद. रविवारी ऊन उतरलं की कांदे साठवायच्या बराखीपुढे सतरंजी पडते, मित्र येतात, बाटली येते. पण नुसतं पिणं मामांना मान्य नाही. "नुसतं तर ढोरं बी पित्यात. माणसानं खेळावं." आणि खेळावं तेही बिनसामानाचं. पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. "सामान आलं की भांडण आलं. पान फाटतंय, सोंगटी हरवती. माणूस हाय तर खेळ हाय."

मी एकदा धीर करून सांगितलं की आमच्या हॉस्टेलच्या मुली असले खेळ मोबाईलवर खेळायच्या. (मी खेळायचे नाही. मी कोपऱ्यात थंड पेय धरून बसायचे.) मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "चार्जिंग संपलं की काय खेळता मंग?"

त्यांचा एक खेळ म्हणजे मौन. जो आधी हसेल त्याने घोट घ्यायचा. मामा कधीच हसत नाहीत. शेतापलीकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य छत्रीकडे गंभीरपणे बघत राहतात आणि हळूच म्हणतात, "सोपान, छत्री तुझ्या घराकडं वळली बघ. सकाळी वैनींनी तुला काय काय ऐकवलं, समदं रेकार्ड झालं." सोपानकाका, मामांचे शाळेपासूनचे मित्र, तिथेच फुटतात. ते हरतात म्हणून पितात की प्यायला मिळावं म्हणून हरतात, हे मला अजून कळलेलं नाही. मामांचा ग्लास मात्र मित्र निघताना जवळजवळ भरलेला असतो.

पण मामांचा लाडका खेळ एष्टी. गाडी पेठहून निघते. प्रत्येकाने पुढचं गाव सांगायचं. मामा एकदा "टिंग" करतात, गाडी थांबते. दोनदा करतात, सुटते. गाव चुकलं की घोट. नियम एकच आहे. बेल्हे आलं की नाव घ्यायचं नाही. टाळी वाजवायची आणि थेट टिंग टिंग.

बेल्ह्यात मामांची मुलगी, माझी मामेबहीण स्वाती राहते. तिने तिथला मुलगा स्वतः पसंत केला, स्वतःच लग्न केलं. त्याचे वडील बैलबाजारात दलाली करतात. मामांनी आरडाओरडा केला नाही. फक्त पुढच्या रविवारी खेळात हा नियम आला. घरातही तेव्हापासून त्या गावाचं नाव कोणी घेत नाही. मामी फोन करायला गोठ्यात जातात.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आळेफाट्याला चार दिशांचे रस्ते मिळतात. सरळ गेलं की नाशिक, डावीकडे ओतूर, उजवीकडे बेल्हे. बेल्हे टाळायचं तर टाळीची गरजच नाही, गाडी दुसरीकडे न्यावी. सोपानकाका एकदा म्हणालेसुद्धा, "दत्तू, एकदा ओतूरला वळव की राव. त्याच त्या रस्त्यानं कटाळा आला."

"रस्ता कंडाक्टर ठरिवतो," मामा म्हणाले.

"कंडाक्टर न्हाई, डायव्हर ठरिवतो."

"मंग डायव्हर बी मीच."

गाडी दर रविवारी उजवीकडेच वळते.

हे मी स्वातीला फोनवर सांगितलं. तिच्या मागे तिची मुलगी कसलंसं भांडं बडवत होती. मग स्वाती म्हणाली, "सई, अण्णांना विचारशील? मी येऊ का म्हणून?" अण्णा म्हणजे मामा.

मी हो म्हणाले आणि आठवडाभर विचारलं नाही. मला दुकानात सुटे मागायलाही दोनदा मनात वाक्य जुळवावं लागतं.

तर तो रविवार. एका मित्राची डॉक्टरांनी बंद केली होती, दुसरा चाकणला मुलाकडे गेला होता. सतरंजीवर मामा आणि सोपानकाका दोघेच. मी शेंगदाणे ठेवून परत निघाले, तर मामा म्हणाले, "सई, बस. माणूस कमी पडतंय."

"दोघांत खेळा की," मी पुटपुटले.

"दोघांत एष्टी होत न्हाई. ती रिक्षा झाली. बस, तुला सरबत. आन् पयलं गाव तू सांग."

मी म्हणाले, "पेठ." सोपानकाका, "मंचर." मामा, "एकलहरे." मी कळंब म्हणाले, काका नारायणगाव, मामा पिंपळवंडी. आळेफाटा माझ्याकडे आला. टिंग. टिंग टिंग. गाडी उजवीकडे वळली आणि माझ्या लक्षात आलं की टाळी माझ्यावर येणार आहे.

"आळे," सोपानकाका म्हणाले.

"राजुरी," मामा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

सोपानकाकांनी मला आठवण म्हणून स्वतःचे दोन्ही हात समोर धरले. स्वयंपाकघरातला मामींच्या चिमट्याचा आवाज थांबला होता.

"बेल्हे," मी म्हणाले.

काकांचे हात तसेच राहिले. "अगं पोरी, चुकलीस! घोट..."

"गप रं सोपान."

मामा ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मला वाटलं आता दोनदा वाजेल आणि गाडी पुढे जाईल. मग त्यांनी जीभ टाळूला लावली.

"टिंग."

मी वाट पाहिली. दुसरी वाजली नाही.

"कोन चढतंय का?" मामांनी विचारलं. आवाज कंडक्टरचा काढला होता, पण नीट जमला नव्हता. "लवकर सांग. गाडी खोळंबलीया."

"एक बाई आहे, मामा," मी म्हणाले, खिडकीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "कडेवर लेकरू आहे. बसायला जागा द्या."