नंबर बोला, मग दार

आमच्या शेजारच्या देवरावभाऊंचं दार वाजवलं की आतून "कोण?" येत नाही. "नंबर?" असं येतं. हातात कढीचं गरम पातेलं असलं तरी तेच.

"भाऊ, मी आहे बाप्पा. हात भाजून राहिले माझे."

"आवाज तं कोणीही काढते, वहिनी. नंबर बोला."

तिगावकडच्या रेल्वे फाटकावर गेटमन म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. तिथं स्टेशनमास्तर फोनवर गुप्त नंबर सांगायचा. तो वहीत उतरल्याशिवाय फाटक हलायचं नाही, अन् वापरलेल्या नंबरावर लगेच काट. भाऊ रिटायर झाले, फाटक सुटलं, वही काही सुटली नाही. आम्ही गल्लीतून बाहेर निघालो की ते एकेक नंबर देतात. परत येऊन तो बोलला की काट मारतात, अन् मगच त्यांना बरं वाटते.

माझी सून वर्षा पांढुर्ण्याच्या चौकातले नवे सिग्नल सांभाळते. कॅमेरा गाड्या मोजतो, कॉम्प्युटर हिरवा-लाल ठरवतो. भाऊंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अन् तुमच्या त्या डब्याले कोणी खोटी खबर देल्ली तं?" वर्षा हसली. तरी भाऊंनी नंबरांच्या दोन याद्या लिहिल्याच. एक तिला, तीच एक सिग्नलच्या इंजिनिअरला. त्यानं फोन केला की आधी यादीतला नंबर बोलायचा.

संत्र्याच्या हंगामात एका दुपारी वर्षाला फोन आला. चौकात ट्रकांची रांग, वरून शाळा सुटायची वेळ.

"मॅडम, कंपनी से बोल रहा हूँ. सिस्टम बंद हो जाएगा. पासवर्ड बताइए, जल्दी."

वर्षा घाबरली, सांगणारच होती. पण तोंडातून निघालं, "नंबर?"

"कौन सा नंबर? मेरा?"

तिनं फोन ठेवला अन् खऱ्या इंजिनिअरला लावला. त्यानं फोन केलाच नव्हता. चौकातला हिरवा-लाल आपला चालत राहिला. शाळेची पोरं घरी गेली.

संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन भाऊंकडे गेलो. नंबर बोलूनच आत शिरलो.

वर्षा म्हणाली, "काका, नवी यादी लागते आता. अन् जुन्या यादीत सत्तेचाळीस लिहायचा राहिला हो तुमचा."

भाऊ उगाच चष्मा पुसत बसले. मग जुनी वही पुढं सरकवली. पानभर काटच काट, एक सत्तेचाळीस तेवढा साबूत. बाजूला त्यांच्या बायकोचं नाव, शांता. चार वर्षांपूर्वी शांताबाई नागपूरच्या दवाखान्यात निघाल्या, तेव्हा स्टेशनावर भाऊंनीच दिला होता तो. त्या काही परत आल्या नाहीत.

"तो देता येत नाही, पोरी," भाऊ म्हणाले. "तो नंबर बाहेर गेलेला आहे."