आपलं शिलाई मशीन

उद्योगपतींचं दिवाळं निघालं, ही बातमी आम्हा शेजाऱ्यांना दारावर चिकटवलेल्या नोटिशीतून कळली. उद्योगपती हे नाव त्यांना आम्हीच दिलेलं. त्यांनी शांतता भाड्याने देण्याचा धंदा काढला होता. बाजारपेठेत तीन काचेच्या खोल्या. आत आवाज यायचा नाही, मोबाईल न्यायचा नाही, तासाप्रमाणे पैसे. धंदा इतक्या शांतपणे बुडाला की त्यांच्या बायकोलासुद्धा काही ऐकू आलं नाही.

बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं शिलाई मशीन. त्यावर घर चालायचं, मुलीची फी जायची, आणि आता कळतंय त्याप्रमाणे गेली दोन वर्षं त्या शांततेचं भाडंही जायचं.

जप्ती अधिकारी सकाळी साडेदहाला आले. मला पंच म्हणून बोलावलं होतं. पंचाने सगळं डोळ्यांनी बघायचं आणि खाली सही करायची; अक्कल चालवायची नाही, त्यासाठी वेगळी माणसं नेमलेली असतात.

"घाबरू नका, बाई," अधिकारी म्हणाले. "नवऱ्याच्या कर्जापायी बायकोच्या वस्तूला आम्ही हात लावत नाही. त्यांच्या वस्तूला पिवळी चिठ्ठी, तुमच्या वस्तूला हिरवी. हे कपाट कुणाचं?"

"आपलंच," वहिनी म्हणाल्या.

अधिकारी दचकले. "माझं?"

"तुमचं कसं असेल? आपलं म्हणजे... आपलं!"

"फॉर्ममध्ये 'आपलं' असा रकाना नाही," अधिकारी गंभीरपणे म्हणाले. बराच विचार करून त्यांनी तोडगा काढला. जे जे 'आपलं' निघेल, त्याचा अर्धा भाग नवऱ्याचा. कपाटाचं डावं दार जप्त झालं. भिंतीवरचं घड्याळही आपलंच निघालं, म्हणून बारा ते सहा जप्त झाले. कुकर वहिनींना माहेरून मिळालेला, त्याला हिरवी चिठ्ठी; पण शिटी उद्योगपतींनी बदलून आणली होती, म्हणून शिटी जप्त.

"अहो, काहीतरी बोला ना!" वहिनी नवऱ्यावर ओरडल्या.

"मी आपलं म्हणतो की..." उद्योगपतींनी सुरुवात केली.

"म्हणणं संयुक्त," असं पुटपुटत अधिकाऱ्यांनी ते अर्धंच लिहून घेतलं.

मला हसू आवरेना. पंचाने हसावं की नाही हे नियमात नव्हतं, म्हणून मी खोकून घेतलं. तेवढ्यात अधिकारी मशीनपाशी गेले आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

"हे कुणाचं?"

"माझं!" या वेळी वहिनी चुकल्या नाहीत. "सहा वर्षं लोकांचे पडदे नि उशांचे अभ्रे शिवून पैसे साठवले, तेव्हा घेतलं."

"पावती?"

वहिनींनी डब्यातून पावती काढून दिली. अधिकाऱ्यांनी ती दोनदा वाचली. "यावर नाव यांचं आहे."

"दुकानदारानं नाव विचारलं. हे बाहेर स्कूटरवर बसले होते. मी आपलं ह्यांचं नाव सांगितलं."

अधिकाऱ्यांनी पिवळी चिठ्ठी काढली. वहिनी मशीनवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. "साहेब, हे नेलंत तर आम्ही खायचं काय?" त्यांचे डोळे भरले होते. मलाही फार वाईट वाटलं.

अधिकारी मनाने वाईट नव्हते. त्यांनी पुस्तक चाळलं. "एक वाट आहे. दिवाळखोराच्या पोटापाण्याच्या हत्यारांवर जप्ती येत नाही. मशीन यांचं आहे. आता हे जर शिंपी असतील, तर मशीन वाचलं."

सगळ्यांनी उद्योगपतींकडे पाहिलं.

"आहेतच मुळी!" वहिनी म्हणाल्या. "पिढीजात!"

"मग प्रात्यक्षिक द्या," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी फाटक्या खिशाचा आपला कोट काढून दिला.

उद्योगपती मशीनवर बसले. म्हणजे खरोखरच मशीनवर. वहिनींनी त्यांना तिथून उतरवून स्टुलावर बसवलं. बॉबिन वहिनींनीच बसवली, दोराही त्यांनीच ओवला.

"या बाई कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मदतनीस," मी बोलून गेलो.

मशीन सुटलं. आधी खिसा शिवला गेला, मग बाही, मग उद्योगपतींच्या शर्टाचा कफ आणि शेवटी खाली ठेवलेली जप्तीची नोटीस. सगळं एकाच टाक्यात. अधिकाऱ्यांनी खिशात हात घालून पाहिला. हात आत जाईना. त्या कार्यालयाच्या इतिहासात अधिकाऱ्याचा खिसा शिवला जाण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

"टाका पक्का आहे," त्यांनी शेरा मारला आणि दाखला लिहिला: 'दिवाळखोराचा व्यवसाय, शिंपी. मशीन त्यांचे, जप्तीतून मुक्त. पत्नी, विनावेतन मदतनीस. व्यवसाय नाही, मालमत्ता नाही.'

"अभिनंदन, बाई! तुमचं काहीही गेलं नाही."

वहिनी हसत सुटल्या. हसता हसता खाली बसल्या, आम्हीही हसलो. मग डोळे पुसून त्यांनी कात्री घेतली आणि नवऱ्याला साहेबांच्या कोटातून उसवायला लागल्या. मी सही केली.

घरी येऊन ही सगळी गंमत बायकोला सांगितली. ती हसली नाही.

"आपल्या फ्रिजची पावती कुठे आहे?" तिने विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. तिने कपाटातून ती अर्ध्या मिनिटात काढून समोर ठेवली. फ्रिज तिच्या पगारातून घेतलेला. नाव माझं.

तुमचं हसून झालं असेल, तर उठा आणि घरातल्या पावत्या बघा. कुठे ठेवल्यात हे माहीत नसेल, तर जिला माहीत आहे तिला विचारा. त्यांवर तिचं नाव नसेल. मी आपलं सांगून ठेवतो.